खान्देशच्या उन्हात पानओवा: कुंडीत आणि अंगणात

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की गच्चीवरचं निम्मं हिरवं करपतं. पानओव्याची कुंडी मात्र एखाद्या कोपऱ्यात तग धरून असते. पानं आखडलेली, कडा तांबूस, पण जीव शाबूत. तीच कुंडी पुढे श्रावणात, चहूकडे हिरवळ असताना, बुडाशी काळी पडते आणि चार दिवसांत मान टाकते. मग कुणी नर्सरीवाल्याला बोल लावतं, कुणी म्हणतं नजर लागली. कारण बहुतेक वेळा एकच असतं. मुळांशी पाणी साचलेलं असतं, आणि आपली काळी माती ते सोडायला तयार नसते. म्हणून खान्देशात हे झाड लावताना आधी निचरा बघायचा, ऊन त्यानंतर.

झाड नेमकं कोणतं

पानओवा म्हणजे ओव्याच्या वासाचं, जाड मांसल पानांचं, वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप. कुणी त्याला ओव्याचं पान म्हणतं, कुणी पाथरचूर. पान समोरासमोर जोडीने येतं, कडेला गोलसर दाते असतात आणि बोट फिरवलं की मखमलीसारखी बारीक लव लागते. कोवळी काडी चौकोनी वाटते, कारण हे तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं झाड आहे. शास्त्रीय नाव कोलियस अँबोइनिकस. इंडोनेशियातल्या अंबॉन बेटावरून ते पडलं आणि १७९० साली लुरेरो या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने ते दिलं. मधली बरीच वर्षं त्याला प्लेक्ट्रँथस म्हणत, आता पुन्हा कोलियस म्हणतात. नर्सरीच्या जुन्या पाट्यांवर अजून प्लेक्ट्रँथस दिसतं, तेव्हा गोंधळू नका.

इथे तीन गफलती नेहमी होतात.

पहिली, डब्यातला मसाल्याचा ओवा कुंडीत पेरून पानओव्याची वाट बघणं. त्या बियांतून येतं ते ओव्याचं हंगामी पीक, शेपूसारख्या बारीक चिरलेल्या पानांचं. त्याचा पानओव्याशी कुळाचाही संबंध नाही. वास जुळतो तो थायमॉल या द्रव्यामुळे. ते दोघांत आहे, आणि पानओव्यात त्याच्या जोडीला कार्व्हॅक्रॉलही भरपूर असतं.

दुसरी गफलत पानफुटीची. पानफुटीचं पान गुळगुळीत, चकचकीत आणि बिनवासाचं असतं, आणि त्याच्या कडेच्या खाचांतून नवी रोपं फुटतात. दोन्ही झाडांना लोक मुतखड्याचं झाड म्हणतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं सर्रास हातात येतं. पान चुरगाळून बघा. वास आला नाही तर तो पानओवा नव्हे.

तिसरी म्हणजे नर्सरीत ‘विक्स तुळस’ म्हणून मिळणारं छोट्या गुबगुबीत पानांचं झाड. ते याच्याच नात्यातलं आहे, दिसायला गोड आहे, पण वास बामाचा. त्याची भजी करायला जाऊ नका.

पांढऱ्या कडेच्या पानांचा पानओवाही मिळतो. शोभेला छान, पण वाढ हळू आणि आपल्या उन्हात पांढरा भाग आधी करपतो. पहिलंच झाड लावत असाल तर साधा हिरवाच घ्या.

कधी लावायचा

खान्देशात लावणीचे दोन चांगले हंगाम आहेत. एक, संक्रांत उलटून थंडी ओसरली की गुढीपाडव्यापर्यंत. या काळात लावलेली फांदी उन्हाळ्याच्या आत मुळं धरते. दुसरा, पोळ्यानंतर पावसाचा जोर उतरतो तिथपासून दिवाळीपर्यंत. मला दुसरा अधिक आवडतो. हवा ओलसर असते, ऊन माफक असतं, आणि थंडी येईपर्यंत झाड अंग धरतं.

मृगाच्या पहिल्या सरीबरोबर लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. शेतात पेरणी चाललेली असते, हात शिवशिवतात. आडोशाला, छपराखाली लावणार असाल तर जरूर लावा. उघड्यावर नको. नवी फांदी मुळं काढायच्या आत पावसात सडते. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास, एप्रिल-मेच्या काहिलीत, नवं काही लावूच नये. तेव्हा असलेलं जगवणं हेच काम.

फांदी लावणं

नर्सरीतून रोप विकत आणायची खरं तर गरज नाही. गल्लीत कुणाकडे तरी हे झाड असतंच, आणि वीतभर फांदी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

फांदी निवडताना अगदी कोवळा लुसलुशीत शेंडा नको आणि खालची लाकडासारखी झालेली काडीही नको. दोन्हींच्या मधली, दाबल्यावर किंचित कडक लागणारी फांदी घ्या, लांबी १० ते १५ सेंटिमीटर. ती नीट न्याहाळली तर ठरावीक अंतरावर पानांच्या जोड्या निघालेल्या दिसतील. त्या जोडीच्या जागी काडी जराशी फुगीर असते, तो पेरा. मुळं तिथूनच लवकर फुटतात. म्हणून काप पेऱ्याच्या अर्धा सेंटिमीटर खाली घ्यायचा. कात्री बोथट असेल तर काडी चेचली जाते आणि चेचलेली जागा सडायला लागते, त्यापेक्षा धारदार ब्लेड बरं.

खालच्या दोन जोड्यांची पानं काढून टाका. वरची पानं फार मोठी असतील तर ती अर्धी कापली तरी चालतं. नव्या फांदीला मुळं नसतात, मग एवढ्या पानांना पाणी पुरवायचं कुणी? आता ही फांदी सावलीत तीन-चार तास तशीच पडू द्या. कापलेली बाजू सुकून तिच्यावर पातळ पापुद्रा धरला की लावायची. ही पायरी लोक गाळतात, आणि पावसाळ्यात तर तीच सगळ्यात महत्त्वाची.

लावायला वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, किंवा नुसती जाड वाळू आणि मूठभर गांडूळ खत पुरे. आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग फांदी ठेवा. सरळ खुपसली तर साल सोलली जाते. किमान एक पेरा मातीखाली गेला पाहिजे. भोवती माती बोटाने दाबा, एकदा पाणी द्या आणि कुंडी उजेडाच्या पण उन्हाआडच्या जागी ठेवा. पंधरा-वीस दिवसांत शेंड्याला नवी पानं दिसू लागतात. मुळं आली का हे बघायला फांदी उपटू नका. हलकेच वर ओढून बघा, अडली तर समजा काम झालं.

पाण्याच्या ग्लासातही याला मुळं फुटतात, तीही लवकर. मुलांना दाखवायला मजा येते. पण पाण्यात फुटलेली मुळं नाजूक असतात, बोटभर लांब होईपर्यंत ठेवून मग मातीत लावलं तर ती तुटतात. दोन-तीन सेंटिमीटर झाली की लगेच मातीत हलवा.

एखाद्या सुट्या पानालाही मुळं फुटतात, पण त्याला पुढे कोंब येतोच असं नाही. महिनोन्‌महिने पान हिरवं राहतं आणि झाड काही होत नाही. फांदीच लावा.

माती आणि कुंडी

आपली काळी कसदार माती कपाशीला आणि केळीला सोनं आहे. कुंडीतल्या पानओव्याला मात्र ती जड जाते. बेसॉल्टच्या खडकापासून बनलेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. तेव्हा मुळांना हवा मिळत नाही. सुकली की आकसते आणि भेगा पडतात. तेव्हा कुंडीच्या कडेला फट राहते आणि दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं कुंडी भिजली, आत गोळा कोरडाच.

माझं मिश्रण असं: दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत. लाल माती मिळत नसेल तर बारीक मुरूम चाळून घ्या. धुळे-साक्रीकडे तो सहज मिळतो. काळी माती घालायचीच असेल तर एकूण मिश्रणाच्या पाव भागापलीकडे नको. बांधकामावरची बारीक वाळू किंवा सिमेंट मिसळलेला कचरा वापरू नका. मिश्रण बरोबर झालं का हे मुठीत धरून कळतं. ओलसर मिश्रण मुठीत दाबा, गोळा व्हावा, आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. गोळा तसाच राहिला तर वाळू वाढवा.

कुंडी खोलपेक्षा पसरट घ्या. पानओवा वर फार जात नाही, गुडघ्याइतका होतो आणि आडवा पसरतो. १० ते १२ इंच तोंडाची मातीची कुंडी एका झाडाला पुरते. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, म्हणून पावसाळ्यात ती प्लास्टिकपेक्षा उजवी. उन्हाळ्यात तीच लवकर सुकते, पण हे झाड तेवढं सोसतं. तेलाचे पत्र्याचे डबे टाळा, मेमधल्या उन्हात पत्रा तापून कडेची मुळं भाजतात.

आखाजीला घरोघरी नवी घागर, नवा माठ येतो. जुना पाझरेनासा झालेला माठ फेकू नका. त्याचा खालचा निम्मा भाग पसरट कुंडी म्हणून झकास होतो. बुडाला ड्रिलने, पाणी टाकत टाकत, दोन-तीन भोकं पाडा. हातोडा-खिळ्याने पाडायला गेलात तर माठाचे दोन तुकडे होतील. भोकांवर खापराचे वाकडे तुकडे पालथे ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणीही अडत नाही.

कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा. पावसाळ्यात ताटली काढूनच ठेवा.

जागा

पुस्तकातल्या ‘पूर्ण ऊन’ या शब्दावर खान्देशात जाऊ नये. सकाळी चार-पाच तासांचं ऊन आणि दुपारी सावली, हे याला मानवतं. घराची पूर्वेची भिंत उत्तम. पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट, कारण संध्याकाळी ऊन गेलं तरी भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते.

धाब्याची घरं होती तोवर छपरावरची माती घर गार ठेवायची. आता स्लॅब आले. मेमध्ये दुपारी स्लॅबवर अनवाणी पाऊल टाकवत नाही, आणि त्याच स्लॅबला कुंडीचं बूड टेकलेलं असतं. म्हणून प्रत्येक कुंडी दोन विटांवर किंवा लाकडी फळीवर उचलून ठेवा. खालून हवा खेळते, निचराही सुधारतो. मार्चअखेरपासून मृगापर्यंत वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. जाळी कुंड्यांवर टेकवू नका, निदान चार-पाच फूट उंच असू द्या.

अगदी सावलीत ठेवलं तरी झाड मरत नाही, पण फांद्या लांबट आणि लुळ्या होतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि वास उतरतो. खिडकीशी ठेवलेलं झाड एका बाजूला झुकत असेल तर उजेड कमी पडतोय असं समजा.

पाणी

आमच्या गल्लीतल्या एका आजी नव्या सुनेच्या हातात झारी दिसली की विचारायच्या, “इतलं पानी काबर टाकस वं माय?” पानओव्याच्या बाबतीत हा प्रश्न कुंडीवर लिहून ठेवावा असा आहे. याचं पान आणि काडी दोन्हींत पाणी साठलेलं असतं. तहान लागली की ते आधी साठा वापरतं.

वेळापत्रक लावून पाणी देऊ नका. मातीत बोट घाला. पहिलं पेर कोरडं लागलं तर पाणी द्या, ओल लागली तर उद्या बघा. तरी अंदाज हवा म्हणून सांगते. एप्रिल-मेमध्ये मातीच्या कुंडीला रोज सकाळी, मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीला एक दिवसाआड. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांनी. थंडीत आठवड्यातून एकदा, कधी तेवढंही नको. पावसात नाहीच. द्याल तेव्हा मात्र पोटभर द्या, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. रोज कपभर शिंपडलं तर वरची माती ओली आणि खालची मुळं उपाशी राहतात. पाणी बुडाशी घाला, लवेच्या पानांवर थेंब अडकून राहतात आणि दमट हवेत तिथे डाग पडतात.

झाड तहानलेलं आहे की बुडतंय हे पान बघून ओळखता येतं, फक्त दोन्हींत पान मऊ पडतं म्हणून फसगत होते. तहानलेलं पान पातळ होतं, आत मुडपतं, पण हिरवं असतं, आणि पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत ताठ होतं. बुडणाऱ्या झाडाची खालची पानं पिवळी पडून हात लावताच गळतात, आणि काडी मातीलगत काळपट, पाणचट होते. तिथे नख टोचलं तर ते आत रुततं आणि कुबट वास येतो. अशा झाडाला पाणी बंद करून वाचवायची आशा धरू नका. वरच्या निरोगी फांद्या लगेच कापा, आत काडी पांढरी-हिरवी आहे ना बघा, आणि वर सांगितल्याप्रमाणे नव्याने लावा. कुंडीतली माती फेकून द्या किंवा पसरून कडक उन्हात तापवा.

आता पाण्याच्या जातीविषयी. खान्देशात बहुतेक बोअरचं पाणी जड आहे, कुंडीच्या अंगावर पांढरा थर धरतो तो त्याचाच. हे क्षार मातीत साठत जातात आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसू लागतात. उपाय साधा आहे. पावसाचं पाणी पिंपात साठवा आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढा. ते नसेल तर नगरपालिकेच्या नळाचं चालेल.

उन्हाळ्यात घरोघरी कूलर फिरतात, आणि टाकीतलं उरलेलं पाणी ‘वाया कशाला’ म्हणून कुंड्यांना जातं. ते घालू नका. कूलरमध्ये पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार टाकीतच उरतात, आणि रोज भर घातली की पाणी अधिकाधिक खारट होत जातं. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणीही तसंच, फरशी पुसायला घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बिनक्षाराचं असतं, ते खुशाल वापरा.

अंगणात किंवा बांधाच्या कडेला

जमिनीत लावायचं तर काळ्या रानात सपाट वाफा नकोच. वीतभर उंच वरंबा करा. त्यात निम्म्याने वाळू-मुरूम आणि दोन घमेली कुजलेलं खत मिसळा. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा, सुरुवातीला विरळ वाटलं तरी वर्षभरात ती एकमेकांना भिडतात. आडव्या पडलेल्या फांद्यांना जमिनीला टेकतील तिथे मुळं फुटतात, तीही पुढे कापून वेगळी लावता येतात.

शेवग्याची विरळ सावली याला फार छान जमते. लिंबाखालीही चालेल. न्हाणीच्या सांडपाण्याच्या चारीजवळ लावू नका, साबण आणि सततची ओल दोन्ही वाईट.

मळ्यात राहत असाल तर ठिबकच्या नळीचा उरलेला तुकडा कुठेतरी पडलेला असतोच. ताशी २ लिटरचा ड्रिपर रोपाजवळ लावून पाव तास चालवला की अर्धा लिटर पाणी मिळतं. उन्हाळ्यात एक दिवसाआड तेवढं बास. खोडाला चिकटवून ड्रिपर ठेवू नका, वीतभर लांब ठेवा.

खत

इथे हात आखडताच ठेवा. दोन महिन्यांतून एकदा ओंजळभर गांडूळ खत आणि चमचाभर निंबोळी पेंड, एवढ्यावर झाड सुखात राहतं. युरिया किंवा ताजं शेण दिलं तर पानं तळहाताएवढी होतात, पण पाणचट आणि वासाला मचूळ. रावेर-यावलकडे केळीच्या खुंटांचं खत सहज मिळतं, ते पूर्ण कुजून काळं भुसभुशीत झालेलं असेल तरच घाला. थंडीत खत देऊ नका, वाढच थांबलेली असते.

खुडणी आणि छाटणी

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. मन धजत नाही, पण खुडलेल्या जागेखालून दोन फांद्या फुटतात, त्यांचे शेंडे खुडले की चार. असं तीन वेळा केलं की झाड भरगच्च होतं. न खुडलेला पानओवा लांबलचक वाढतो, वजनाने आडवा पडतो आणि मधून उघडा दिसतो.

पानं काढताना देठाशी ओढू नका, साल निघते. पेऱ्याच्या वर कात्रीने अख्खा शेंडाच घ्या, म्हणजे तोडणी आणि छाटणी एकदम होते. एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. मोठी छाटणी फेब्रुवारीत करा, मेमध्ये कधीच नाही.

थंडी सरताना कधी कधी फिकट जांभळ्या फुलांचे तुरे येतात. पानं हवी असतील तर तुरे काढून टाका. मधमाश्यांसाठी एखादं झाड तसंच सोडलंत तर उत्तमच.

दीड-दोन वर्षांत खालचं खोड लाकडी होतं, पानं लहान येऊ लागतात. जुन्यावर मेहनत घेण्यापेक्षा दर पोळ्याच्या सुमारास दोन-तीन नव्या फांद्या लावत जा.

पावसाळा, थंडी आणि कीड

जळगावात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्यात त्याहून कमी. आकडा घाबरण्यासारखा नाही. पण श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या सणाच्या दिवसांत, झड लागते आणि आठवडाभर ऊन दिसत नाही, त्रास तेव्हा होतो. कुंड्या छपराखाली किंवा गॅलरीत घ्या. खालची मातीला टेकणारी पानं काढून टाका, हवा खेळली पाहिजे. गोगलगायी रात्री पानं कुरतडतात, त्या हाताने वेचणं हाच उपाय.

थंडीकडे मात्र आपलं दुर्लक्ष होतं. खान्देशाची ओळख उन्हाची, पण डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा ७-८ अंशांवर येतो, कधी त्याखालीही. तोरणमाळ आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात तर दव गोठतं. पानओवा मूळचा उष्ण प्रदेशातला, १० अंशांखाली त्याची वाढ थबकते आणि दव गोठलं तर पानं उकडल्यासारखी काळी होतात. कुंडी भिंतीलगत घ्या, रात्री वर जुनी साडी टाका, सकाळी काढा. पाणी कमीत कमी, आणि दिलं तर सकाळीच.

किडींत मुख्य त्रास पिठ्या ढेकणाचा. आसपास कपाशी असेल तर जास्तच. पानाच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की ओल्या फडक्याने पुसून काढा, आणि साबणाच्या पातळ पाण्याने झाड धुवा. मुंग्या चढताना दिसल्या तर ढेकूण किंवा मावा आहेच असं समजून पानं उलटून बघा. उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी होतात, पान फिक्कट ठिपक्यांचं दिसतं. त्यावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. एवढ्यावर भागलं नाही तर ५० ग्रॅम निंबोळीचा चुरा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा.

कपाशीसाठी आणलेलं, बाटलीच्या तळाशी उरलेलं कीटकनाशक यावर मारू नका. ‘थोडंसंच’ असलं तरी नको. आंतरप्रवाही औषधं पानाच्या आत मुरतात, धुऊन जात नाहीत, आणि हे पान आपण तोडून लगेच तोंडात टाकतो.

स्वयंपाकात

भजी तर सगळेच करतात, तरी दोन गोष्टी सांगण्यासारख्या. पानं धुतल्यावर फडक्यावर पसरून दोन्ही बाजूंनी खडखडीत कोरडी करा, लवेत अडकलेलं पाणी तेलात फार उडतं. आणि पिठात ओवा घालू नका, तीच चव दुप्पट होऊन कडवट लागते. वाटीभर बेसनाला दोन चमचे तांदळाचं पीठ, हिंग, तिखट, हळद, मीठ, थोडे तीळ आणि चमचाभर कडकडीत तेल. पीठ इतपत दाट की उचललेल्या पानावर थर राहील आणि मधली शीर दिसणार नाही. आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून रंग येतो आणि जाड पान आत कच्चं राहतं.

चार-पाच पानं, भाजलेले शेंगदाणे, हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ पाट्यावर भरड वाटलं की कळण्याच्या भाकरीबरोबर चांगलं लागतं. फुनक्यांसोबतच्या (डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांसोबतच्या) कढीच्या फोडणीत एक पान बारीक चिरून घालून बघा. एकच, कारण हे पान इतर वासांना दाबून टाकतं.

वाळवायचं असेल तर अख्खं पान वाळत घालू नका, आत पाणी इतकं असतं की सुकायच्या आधी काळं पडतं. बोटभर पट्ट्या कापा, सावलीत पातळ पसरा, रोज हलवा, आणि चुरचुरीत झाल्यावरच बरणीत भरा.

औषध म्हणून

सर्दी-खोकल्यात पान चावून खाणं, काढ्यात घालणं हे घरोघरी चालतं, आणि मोठ्या माणसाने एखाद-दोन पानं खाण्यात वावगं काही नाही. तान्ह्या बाळाला मात्र पानाचा रस मधातून चाटवू नका. एक वर्षाच्या आतल्या मुलांना मध मुळीच द्यायचा नसतो, त्यातून बोटुलिझम होऊ शकतो. मुतखड्यावर रामबाण म्हणून याचा रस वाट्या भरभरून पिऊ नका. खडा असेल तर सोनोग्राफी करून डॉक्टर सांगतील ते करा. गरोदर बायांनी आणि नियमित गोळ्या चालू असलेल्यांनी भाजी-भज्यांपलीकडे वापरण्याआधी विचारून घ्यावं. कुणाकुणाच्या हाताला लवेने खाज सुटते, त्यांनी मोठी छाटणी हातमोजे घालून करावी. घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानांतलं तेल त्यांना बाधतं, उलट्या होतात.